निसरीचं पहिलं पाणी

“पाणी कुणी सांडलं गं?” युसराने दारातूनच विचारलं. खोलीतल्या तिघींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग त्या अशा काही खिदळल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर बुक्की हाणली. “पाणी म्हणे!” इंतिसार उकिडवी बसून टॉवेलने फरशी पुसत होती आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. “आईने नाबलहून पाठवलेली नारिंगाच्या फुलांच्या अर्काची अख्खी बाटली फुटलीय. सगळा मजला घमघमतोय. खालून वॉर्डनबाई येऊन विचारून गेल्या, लग्न कुणाचं आहे म्हणून. आणि ही महाराणी विचारते, पाणी कुणी सांडलं! झग्वानच्या अर्कवाल्यांची पोर ना तू? नाक गावी ठेवून आलीस की काय?” युसराही हसली. हसण्यात ती कधी मागे नसायचीच. ट्यूनिसच्या या वसतिगृहात आल्यापासून दोन वर्षांत ती इतकी धीट झाली होती की फळ्यासमोर उभी राहून गणिताच्या सरांची चूक त्यांना दाखवायची, नाटकात पुरुषाचं काम मिशी लावून करायची आणि टाळ्या थांबायच्या आत वाकून आणखी टाळ्या मागायची. “सर्दी झालीय गं बाई,” ती म्हणाली, चपला काढल्या, ओल्या फरशीवरून अनवाणी चालत आपल्या खाटेपर्यंत गेली, आणि बसल्यावर तिला कळलं की तळव्यांना थंडगार ओल लागतेय आणि त्या ओलीत काहीच नाहीये. नुसतं पाणी.

सर्दी नव्हतीच. नाक मोकळं होतं, वारा आत-बाहेर खुशाल ये-जा करत होता, रिकाम्या घरात करतो तसा. मार्चमध्ये आठवडाभर ताप आला होता, त्यानंतर पाव कापसासारखा लागायला लागला, कॉफी म्हणजे नुसती कढत, हरिसाच्या चटणीने जीभ भाजायची पण मिरचीचा पत्ता नसायचा. हे सगळं तिला माहीत होतं आणि तरीही माहीत नव्हतं. परीक्षेचा निकाल खिशात असतो आणि आपण कागद उघडतच नाही, तसं काहीसं. आता इंतिसारने तो कागद उघडून मोठ्याने वाचून दाखवला होता. बाकीच्या जेवायला गेल्यावर युसराने खोली आतून लावली आणि एकेक वस्तू नाकाशी धरायला सुरुवात केली. साबण. व्हिनेगर. इंतिसारचा दोन दिवसांचा मोजा. (हा तिने दोनदा हुंगला, कारण त्याच्यावर तिची फार आशा होती.) नेलपॉलिश. स्वतःची काख. आरशात एक मुलगी दिसत होती, हात वर करून काखेत नाक खुपसलेली, आणि दुसऱ्या कुणाची असती तर ती मुलगी बघून युसरा लोळून लोळून हसली असती. तेवढ्यात फोन वाजला. आत्या होती. मुंजियाआत्या फोनवर कधी ‘कशी आहेस’ विचारत नाही. तिच्या मते फोन उचलला म्हणजे माणूस जिवंत आहे. “निसरी फुललीय,” आत्या म्हणाली. “रविवारी पहाटे तोडायची. शनिवारी ये. सुंदुसच्या सासरी काक पाठवायचंय, पहिलं पाणी त्यालाच.” आणि ठेवून दिला.

सुंदुस म्हणजे युसराची थोरली बहीण. लग्न आठ दिवसांवर. वराकडे बदामाच्या कड्यांचं, म्हणजे काकचं ताट आधी जातं, आणि झग्वानची मुलगी असेल तर त्या काकमध्ये निसरीचं, त्या रानगुलाबाचं, पाणी असलंच पाहिजे. ट्यूनिसच्या त्या सासूबाई पहिला घास घेऊन डोळे मिटणार, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांच्या आत काय ठरणार ते ठरणार. त्या घासात जे असायचं ते ठरवणार कोण? युसरा. तिच्या नाकाला आठव्या वर्षापासून घरात मान होता. आईसुद्धा भाजी बिघडलीय का ते युसराला विचारायची. शेजारीपाजारी मुलं पळायला हुशार, गळ्याने हुशार, तशी ही नाकाने हुशार; आणि बाबा गेल्यावर तर त्या घरात नाक म्हणजे युसराच. शनिवारी सामायिक टॅक्सीत मागच्या बाकावर दोन लठ्ठ माणसांच्या मधे बसून ती झग्वानला निघाली तेव्हा तिच्या मनात एकच वाक्य खडखडत होतं, डब्यात गोटी खडखडते तसं: सांगायचं, नाही सांगायचं, सांगायचं. खिडकीबाहेर डोंगर हळूहळू मोठा होत गेला. एरवी फाट्यावर वळलं की तिला गावाचा वास यायचा, ओल्या दगडाचा, कुंपणाच्या झुडपांचा, आणि ती शेजारच्याला सांगायची, आलं हं. आज शेजारच्याने तिला सांगितलं, “पोरी, उतर, आलं.”

निसरी म्हणजे तसं बघायला गेलं तर काहीच नाही. बांधावर वाढलेलं काटेरी झुडूप, फिकट गुलाबी पाच पाकळ्या, त्याही इतक्या पातळ की बोटाला लागल्या तर आपणच त्यांची माफी मागावी. बागेतल्या दांडग्या गुलाबापुढे ही म्हणजे गरीब चुलतबहीण. पण आमच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडताना म्हणे सोनंनाणं मागे टाकलं आणि हिची कलमं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, असं झग्वानात कुणीही छाती फुगवून सांगतं. हिवाळ्यात बाबा जुन्या फांद्या निर्दयपणे छाटायचे आणि युसरा रडायची, तेव्हा ते म्हणायचे, “नव्या फांदीवर फूल जास्त येतं. जुनीला मान द्यायचा आणि कापायचं.” पहाटे ऊन यायच्या आत तोडायचं, ऊन लागलं की फुलातला जीव उडतो. अंगठा आणि दोन बोटं, पाकळ्या ओंजळीत, देठ झाडावर. रविवारी पहाटे युसरा आणि आत्या दोघीच तोडत होत्या. आई पोस्टात कामाला; सुट्टीच्या दिवशीही पाहुण्यांच्या याद्या करायला तिला तिथलाच कोपरा लागतो, ती तिकडे. हात काट्यांनी ओरखडले. ते ओरखडे युसराला बरे वाटत होते, निदान ते खरे होते. पाटी भरली तसं तिने तोंड पाटीत बुडवलं, दरवर्षी बुडवायची तसं. गालांना गार, ओलं, मऊ लागलं. पापणीवर एक पाकळी चिकटली. तिने श्वास ओढला आणि आत वारा गेला. फक्त वारा. “पुरे,” आत्या म्हणाली, “सगळा तूच पिऊन टाकशील.” युसरा पाटीतून तोंड वर काढून हसली, आणि आपण किती छान हसतो या गोष्टीची तिला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

अंगणात अर्क उतरवायचा कत्तार मांडलेला होता: खाली तांब्याचा हंडा, त्यात पाकळ्या आणि पाणी, वर तांब्याची टोपी, टोपीवर गार पाण्याचं आळं, बाजूला चोच, चोचीखाली गवताच्या विणीने मढवलेली लांब मानेची बाटली. सांध्यावर ओल्या फडक्याची पट्टी. अंगणाचं दार आत्याने आतून कडी घालून बंद केलं. हा त्या घराचा नियम. कत्तारजवळ एकच नाक. बाकी कुणी यायचं नाही, हुंगायचं नाही, बाटलीला बूच लागेपर्यंत चांगलं-वाईट बोलायचं नाही. दोन नाकांनी पाणी फाटतं, असं आत्या म्हणते, आणि आत्या म्हणते म्हणजे झालं. पहिल्यांदा थेंब येतात ते पहिलं पाणी, तिखट, जिवंत, तेच काकमध्ये जातं. मग एका क्षणी फूल संपतं आणि शिजलेला पाला सुरू होतो. त्या क्षणी बाटली बदलायची. आधी बदलली तर पाणी कमी, उशिरा बदलली तर शेपूट डोक्यात, म्हणजे पाल्याचं पाणी फुलाच्या पाण्यात, मिसळलं. तो क्षण घड्याळात नसतो. कधी अर्धी बाटली भरते, कधी पाऊण. जसं फूल, जशी आग. तो नाकात असतो. आठ वर्षांची असताना बाबांनी तिला बुटक्या स्टुलावर बसवलं होतं, डोळ्यांवर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, “फूल निघून दाराशी पोचलं की सांग.” ती म्हणाली, “पोचलं.” बाबांचा हात तिच्या डोळ्यांवर तसाच राहिला, थोडा वेळ जास्तच. त्यानंतर चार वसंत ते तिला घेऊन बसले, खोकत, शाल पांघरून, आणि पाचव्या वसंतात स्टुलावर ती एकटी होती. समोर आत्या. आत्या परीक्षा घ्यायची. पंख्याने जाळ नीट करायची, वरचं पाणी कोमट झालं की बदलायची, आणि नजर युसराच्या तोंडावरून न हलवता म्हणायची, “बोल.”

आताही ती तशीच बसली होती. जाडजूड, कपाळाला रुमाल बांधलेली, बाह्या वर. थेंब पडायला लागले. टप्. टप्. युसराने चेहरा कमावला. भुवया थोड्या आत, ओठ मिटलेले, मान किंचित डावीकडे; नाटकात तीन प्रयोग केलेल्या बाईला हे काय अवघड! पण आत तिची नुसती धावाधाव चालली होती. कानाने पकडावं का? थेंबाचा आवाज बाटली भरते तसा वर चढतो, पण तो फुलाचा आवाज नाही, बाटलीचा. डोळ्याने? पहिलं पाणी किंचित धुरकट असतं का, की ती उन्हाची तिरीप होती? तिने करंगळी चोचीखाली धरली आणि जिभेवर थेंब ठेवला. जिभेला काहीतरी ओरखडल्यासारखं वाटलं, बस. वरचं पाणी आत्याने दोनदा बदललं. गेल्या वर्षी तीनदा बदलल्यावर थांबवलं होतं की चारदा? आणि जाळ गेल्या वर्षीसारखाच आहे का? गेल्या वर्षीचा वास तिला आठवत होता, तो तर इतका लख्ख आठवत होता की क्षणभर वाटलं आलाच. पण तो आतून येत होता, बाहेरून नाही, आणि आतला वास कधी संपत नाही, कधी दाराशी पोचत नाही, पाल्यासारखा होत नाही, तो नुसता फुलत राहतो, फुलत राहतो. आत्याने तिसऱ्यांदा पाणी बदललं. हंड्यातली गुणगुण बदलल्यासारखी वाटली. की नेहमीच अशी असते? सासूबाईंचे मिटलेले डोळे. सुंदुसचं तोंड. बाबांचा हात. “बोल,” आत्या म्हणाली. युसराने पुन्हा करंगळी चोचीखाली धरली. “बोल गं.” “आता,” युसरा म्हणाली. आपला आवाज ठणठणीत आला याचा तिला रागच आला.

आत्याने झटकन बाटली बदलली, भरलेली उचलून बूच बसवलं, वर फडकं बांधलं. झालं. इतकं सोपं. काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही, एक मांजर भिंतीवरून चालत गेलं. “सुंदुसचं नशीब,” आत्या म्हणाली, बाटलीला लेकरासारखं मांडीवर घेऊन. “तुझ्या बापाने थांबवलं असतं तसंच थांबवलंस.” आणि तेव्हाच युसराच्या लक्षात आलं की आत्या बाटलीकडे बघतच नाहीये. फडकं बांधताना तिने एकदाही बाटली नाकाजवळ नेली नाही. ती बघत होती युसराच्या तोंडाकडे, आधीही, आताही, हावऱ्यासारखी. बहिरा माणूस ओठांकडे बघतो तशी.

“आत्या, मला वास येत नाही.”

शब्द बाहेर पडले आणि तिला वाटलं पकडून परत गिळावेत. आत्याचे हात थांबले.

“सर्दी?”

“नाही. मार्चमध्ये ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच येत नाही. साबणाचा नाही, इंतिसारच्या मोज्याचा नाही. मी आत्ता अंदाजाने बोलले.”

“अंदाजाने.”

“हो. ओरड हवं तर. पण बूच उघड आणि तू बघ एकदा. तूच बघ ना! नियम राहू दे या वर्षी.”

आत्याने बाटली खाली ठेवली. जाळातलं एक लाकूड ओढून विझवलं. मग, नळाखाली घागर भरत आलीय हे सांगावं तसं म्हणाली, “मी बघून काय कळणार? मला कधी आलाच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे कधीच नाही. जन्मापासून. कत्तार आमच्या आईने मला दिला, कारण मी थोरली आणि मला जाळ कळतो. तिला मी सांगितलंच नाही. तुझ्या बापाला लहानपणीच कळलं, मी सडलेलं अंडं फोडून तव्यावर टाकलं तेव्हा. तो शेजारी बसायचा आणि पायाने माझा पाय दाबायचा. तीस वर्षं, युसरा. मग त्याला खोकला लागला, आणि त्याने तुला आणून बसवलं.”

युसराच्या डोक्यात काहीतरी मोठं फर्निचर सरकल्यासारखं झालं. सगळे वसंत एकदम उलटे फिरले. परीक्षा नव्हतीच. आठ-नऊ वर्षांची ती फ्रॉक सावरून ऐटीत ‘आता’ म्हणायची, आणि समोरची ही डोंगराएवढी बाई पास-नापास करत नव्हती, तर वाट बघत होती. बाबांचा तो डोळ्यांवरचा हात! तो आनंदाने रेंगाळला होता असं तिला इतकी वर्षं वाटत आलं. तो सुटकेने रेंगाळला होता का? तिला कुणी शाबासकी दिली होती की कामाला लावलं होतं? आणि दोन नाकांनी पाणी फाटतं! तिला हसू यायला लागलं, घाणेरडं, न थांबणारं. “आत्या, म्हणजे आज या अंगणात कडी लावून आपण दोघी बसलोय आणि नाक एकही नाही.” आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. दोघी तोंडावर हात दाबून हसल्या. मग दोघींची नजर एकदमच बाटलीवर गेली आणि हसू विझलं. कोपऱ्यात दुसरी पाटी होती, भरलेली. फुलं दुपारपर्यंत टिकतील, पुढे नाही. आणि झुडपांवर उद्यासाठी फारसं उरलं नव्हतं.

“शेलबियाकडे जायला हवं,” युसरा म्हणाली.

“मेले तरी नाही.”

शेलबिया गल्लीच्या पलीकडच्या दारात राहते. तिचाही कत्तार आहे. अकरा वर्षांपूर्वी भर हमाममध्ये, न्हायला आलेल्या सगळ्या बायकांच्या देखत, आत्या म्हणाली होती की शेलबियाचं पहिलं पाणी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, डोक्यात शेपूट मिसळते ती. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त मयताला बोलतात. आत्ता युसराला समजलं की ते बोलणारीला वासच येत नव्हता. आणि हे आत्यालाही, गेली अकरा वर्षं, रोज समजत असणार. “मी जाते,” ती म्हणाली. आत्या ‘थांब’ म्हणाली नाही. युसराने बूच उघडून चहाच्या पेल्यात थोडं पाणी ओतलं आणि कडी काढली. गल्ली सहा पावलांची. सहा पावलांत तिला वाटून गेलं की परत फिरावं, सांगावं की शेलबिया म्हणाली उत्तम आहे, आणि आयुष्यभर झग्वानचं नाक म्हणून मिरवावं. कुणाला कळलं असतं? तिने दार वाजवलं.

“अगं बाई!” शेलबिया म्हणाली. वाळलेली, चिमणीएवढी म्हातारी, हातात लसूण. “मुंजियाच्या घरातून! कोण मेलं?”

“कुणी नाही, मावशी. हे जरा बघता का? मला वास येत नाही. ताप येऊन गेला माझा. मी थांबवलंय हे, पण मला माहीत नाही कुठे थांबवलं.”

शेलबियाने लसणाचे हात साबणाने दोनदा धुतले, पुसले, मग पेला घेतला. आधी लांबून, मग जवळून, मग डोळे मिटून. युसराने ते तोंड असं वाचलं जसं आत्या तिचं वाचत आली होती. म्हातारीच्या कपाळावर एक सुरकुती चढली आणि उतरली नाही.

“उशीर केलास,” ती म्हणाली. “फार नाही. पण पाला उतरलाय. पाहुण्यांना चालेल, सासूला नाही.” मग पेल्यावरून मान वर करून, “तिने पाठवलं तुला? मुंजियाने?”

“तिने अडवलं नाही.”

“हं,” शेलबिया म्हणाली, आणि हे अकरा वर्षांच्या मानाने बरंच झालं असं तिला वाटलं असावं, कारण तिने पायांत चपला सरकवल्या. “दुसरी पाटी आहे का? मग उभी काय राहिलीस, फुलं तुझी वाट बघत बसणारेत?”

अंगणात दोघी बायकांनी एकमेकींना नमस्कार केला नाही. शेलबिया सरळ बुटक्या स्टुलावर जाऊन बसली, युसराच्या स्टुलावर, आणि त्यावर आणखीच चिमुकली दिसायला लागली. “जाळ फार ठेवतेस,” ती म्हणाली. “जाळ मला शिकवू नकोस,” आत्या म्हणाली, पण एक लाकूड मागे ओढलं. हंडा धुऊन पुन्हा भरला. बसायला जागा नव्हती म्हणून युसरा उभी राहिली. मग वरचं पाणी बदलायला लागली. हात रिकामे नकोत इतकंच. आपल्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं बघणं हे दातात अडकलेल्या तुसासारखं होतं, जीभ सारखी तिकडेच जात होती. थेंब सुरू झाले आणि शेलबियाचा चेहरा सैल पडला, दहा वर्षांनी तरुण झाला. आत्या तिच्याकडे बघत होती. बघत होती आणि एकाएकी, अंगणाची कडी उघडी आहे, ही शेलबिया आहे, उद्या हमामभर होणार, हे सगळं ठाऊक असून म्हणाली, “शेलबिया, कसा असतो गं तो?”

“कोण?”

“वास. मला नाही येत. कधीच आला नाही. हसायचं तर आत्ताच हसून घे.”

शेलबियाचं तोंड उघडं राहिलं. भांडी विसळलेलं पाणी, हमाम, अकरा वर्षं, सगळं तिच्या तोंडावरून ढगांच्या सावल्यांसारखं सरकत गेलेलं युसराला दिसलं. पण ती हसली नाही. “कसा म्हणजे,” ती चाचरली, “वास म्हणजे... वास! गुलाबासारखा. पण गुलाब नाही.”

“गुलाबाचा तरी मला कुठे ठाऊक आहे?”

“मग कसं सांगू बाई? थोडा मधासारखा...”

“मध गोड असतो. तेवढंच कळतं मला.”

शेलबियाने हात टेकले. थेंब पडत होते. “मी सांगते,” युसरा म्हणाली. तिला काही आधी ठरवून सुचलं नव्हतं, तिने फक्त डोळे मिटले आणि आतला तो न संपणारा वास समोर धरला. आणि लगेच शंका आली, हा तोच आहे का? दोन महिन्यांत झिजला तर नाही? आपण वरून रंग तर नाही देत? पडताळून बघायला आता काहीच नव्हतं. तरी तिने तोंड उघडलं. “हमाममधून बाहेर आल्यावर मानेवर पहिली झुळूक लागते ना आत्या, अंग अजून गरम असतं आणि ती गार? तिथून सुरू होतो. मग आवाज असतो त्याला, बारीक. पातळ काचेच्या पेल्याला नखाने टिचकी मारली की होतो तसा. तो फुटत नाही, लांबत जातो.”

“बरोबर,” शेलबिया हळूच म्हणाली. “तसाच आहे. लांबतोय.”

“मग?” आत्याने विचारलं. तिने पंखा खाली ठेवला होता आणि डोळे घट्ट मिटले होते, कपाळावर आठ्या घालून, पाढे ऐकणाऱ्या पोरासारखे.

“मग खरखरीत होतो. मांजराची जीभ हाताला लागते तसा, पण थोडाच. आणि त्याच्या खाली...” युसरा थांबली. खाली काय होतं? तिथे काहीतरी होतं, नक्की होतं, तिने नऊ वसंत ते ओलांडलं होतं आणि कधी त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

“घाई नको,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. “आठवून सांग. मी बसलेय.”